ब्रिटनमध्ये काउन्सिलची ग्रँट कशी मिळवावी आणि रहिवाशांच्या कामी कशी लावावी

ब्रिटनमधल्या बहुतेक काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकांकडे, स्थानिक गटांना ग्रँट (अनुदान) म्हणून देण्यासाठी काही ना काही पैसे असतात. कुठे दोन-तीनशे पौंड, कुठे काही हजार. त्यातून जेवणाचे क्लब चालतात, मुलांचे अभ्यासवर्ग चालतात, एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडायला निमित्त मिळतं. काउन्सिल हे स्वतःच का करत नाही? तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना इंग्रजीत फोनवर बोलता येत नाही, म्हणून त्या डॉक्टरची अपॉइंटमेंटच घेत नाहीत, ही गोष्ट काउन्सिलच्या कर्मचाऱ्याला कदाचित कधीच कळणार नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला मात्र ती पहिल्या आठवड्यातच कळते.

इथल्या आपल्या मराठी मंडळींत कामाला हात कमी नाहीत. दिवाळीला दोनशे माणसांचा स्वयंपाक उभा करणारी माणसं ग्रँटचा फॉर्म बघितला की मात्र मागे सरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. नियम मुख्यतः इंग्लंडचे दिले आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तपशील बदलतात.

आधी माणसं, मग पैसे

‘ग्रँट निघाली आहे, काहीतरी करू या’ अशी सुरुवात करू नका. असा अर्ज वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. आधी कागदावर लिहा: कोणाला काय अडतंय? भारतातून येऊन मुलाकडे राहणारे आई-वडील दिवसभर घरात एकटे असतात का? नव्या आलेल्या आयांना शाळेचे, जीपीचे (स्थानिक डॉक्टरचे), बसचे व्यवहार समजत नाहीत का? अशा दहा-पंधरा जणांशी नीट बोला, त्यांची उत्तरं तारखेसकट लिहून ठेवा. पुढे फॉर्ममध्ये ‘गरज आहे हे तुम्हाला कसं कळलं?’ असा प्रश्न हमखास येतो आणि तिथे ही वही कामाला येते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. धर्मप्रसार किंवा पक्षीय राजकारण यासाठी काउन्सिल सहसा पैसे देत नाही. गणपतीच्या पूजेसाठी अर्ज केलात तर बहुधा नकारच येईल. पण त्याच हॉलमध्ये दर बुधवारी ज्येष्ठांसाठी चहा, हलका व्यायाम आणि फॉर्म भरायला मदत असा कार्यक्रम ठेवलात आणि तो परिसरातल्या सगळ्यांना खुला ठेवलात, तर तो अर्ज भक्कम ठरतो. मराठी बोलणाऱ्यांवर भर ठेवायला हरकत नाही, कारण भाषेची अडचण ही खरी गरज आहे. फक्त शेजारच्या गुजराती काकांना किंवा पोलिश आजींना दार बंद नाही, हे लिहा आणि तसं वागा.

कोणती काउन्सिल, कुठला पैसा

तुमच्या पत्त्यावर एकापेक्षा जास्त काउन्सिल असू शकतात. काही भागांत काउंटी वेगळी, डिस्ट्रिक्ट वेगळी आणि गावपातळीवर पॅरिश किंवा टाउन काउन्सिल. लंडनमध्ये ३२ बरो काउन्सिल आणि सिटी ऑफ लंडन. इतर अनेक शहरांत सगळी कामं बघणारी एकच युनिटरी काउन्सिल. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की तुमची काउन्सिल समजते. अर्ज करण्याआधी तेवढं करा, कारण चुकीच्या काउन्सिलकडे गेलेला अर्ज कोणी पुढे पाठवेल याची खात्री नसते.

पैशाचे झरे वेगवेगळे असतात. छोट्या ग्रँटचा सर्वसाधारण निधी असतो. काही ठिकाणी वॉर्डातल्या काउन्सिलरला (नगरसेवकाला) स्वतःच्या शिफारशीने वाटायला थोडी रक्कम मिळते. पहिल्या ग्रँटसाठी मला हा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो, कारण फॉर्म छोटा असतो आणि समोर भेटायला माणूस असतो. नव्या बांधकामांवरच्या आकारणीतला साधारणपणे १५ टक्के वाटा त्या परिसरासाठी राखलेला असतो आणि तिथे मंजूर नेबरहूड प्लॅन (त्या परिसराचा विकास आराखडा) असेल तर तो २५ टक्क्यांवर जातो. मात्र ही आकारणी सगळ्याच काउन्सिल घेत नाहीत. केंद्र सरकारकडून येणारे पैसेही काउन्सिलमार्फत गटांपर्यंत पोचतात. मोफत शालेय जेवण मिळणाऱ्या मुलांसाठी सुट्टीतले खेळ आणि जेवण देणारी हॉलिडे ॲक्टिव्हिटीज अँड फूड योजना २०२१ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये आहे आणि तिची शिबिरं अनेक ठिकाणी स्थानिक गटच चालवतात.

पॅरिश काउन्सिल बऱ्याचदा १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टच्या कलम १३७ खाली मदत देतात. त्या कलमाची अट अशी, की खर्चाचा थेट फायदा त्या भागाला किंवा तिथल्या रहिवाशांना झाला पाहिजे आणि तो फायदा खर्चाच्या मानाने योग्य असला पाहिजे. कायदा पॅरिशपुरता असला, तरी कुठल्याही काउन्सिलचा अधिकारी अर्ज वाचताना हेच बघत असतो. तुमच्या मंडळाचं नाव किती जुनं, कार्यक्रम किती दिमाखदार, यापेक्षा त्याच्या वॉर्डातल्या माणसाला काय मिळालं, हे त्याला पुढे काउन्सिलच्या कमिटीला सांगायचं असतं.

आणखी एक गोष्ट फारच थोडे लोक वापरतात. इंग्लंडमधल्या काउन्सिलना, छोट्या पॅरिश सोडल्यास, स्वयंसेवी संस्थांना दिलेल्या ग्रँटची यादी दरवर्षी जाहीर करावी लागते: कोणाला, कशासाठी, किती. ती यादी तासभर बसून वाचा. तुमची काउन्सिल खरोखर कोणत्या कामाला पैसे देते हे जाहिरातीपेक्षा तिथे जास्त कळतं.

गट कागदावर उभा करा

गट छोटा असला तरी चालतो, पण तो कागदावर असावा लागतो. साधी लेखी नियमावली हवी: उद्देश काय, सभासद कोण, कमिटी कशी निवडायची, गट बंद झाला तर उरलेले पैसे कुठे जातील. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हवेत. गटाच्या नावाचं बँक खातं हवं आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या हव्यात. ते दोघे नात्यातले किंवा एका घरातले नसावेत, अशी बहुतेक काउन्सिलची अट असते. आपल्या मंडळांत अध्यक्ष नवरा आणि खजिनदार बायको ही जोडी सर्रास असते. अर्जाआधी ती बदलून घ्या. खातं उघडायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

उद्देश लोकहिताचा असेल आणि वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांपेक्षा जास्त असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये चॅरिटी कमिशनकडे नोंदणी सक्तीची आहे. त्याखालच्या गटांना अनेक काउन्सिल नोंदणीशिवायही छोटी ग्रँट देतात. मुलं किंवा आधाराची गरज असलेली प्रौढ माणसं येणार असतील, तर सुरक्षेचं लेखी धोरण लागतं आणि कामाच्या स्वरूपानुसार स्वयंसेवकांची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणीही लागते. धोरण इंटरनेटवरून जसंच्या तसं उतरवू नका. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर तुमच्या गटात नेमकं कोणाला कळवायचं, एवढं तरी त्यात तुमच्या शब्दांत असू द्या.

या सगळ्यात मदत करायला बहुतेक भागांत स्थानिक काउन्सिल फॉर व्हॉलंटरी सर्व्हिस (नावात काउन्सिल असली तरी ही स्वयंसेवी संस्था) किंवा तत्सम संस्था असते. नियमावलीचे नमुने आणि अर्जावर नजर टाकणारा अनुभवी माणूस तिथे मिळतो, छोट्या गटांना बहुधा फुकट. तिथे गेल्याशिवाय पहिला अर्ज पाठवू नका.

फॉर्म भरताना

‘आमचं मंडळ समाजातील ज्येष्ठांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे.’ अशा वाक्यांनी काही साधत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘या दोन वॉर्डांतले साठीपुढचे २५ जण ४० आठवडे दर बुधवारी दोन तास एकत्र येतील. पंधरा जणांशी आम्ही बोललो. त्यातल्या अकरा जणांनी सांगितलं की आठवड्यात घराबाहेरच्या कोणाशीच बोलणं होत नाही.’ हा नमुना आहे, आकडे तुमचे स्वतःचे घाला. मग काय बदलेल ते सांगा आणि ते तुम्ही कसं तपासणार तेही.

बजेट हा अर्जाचा प्राण आहे. वरच्याच कार्यक्रमाचं समजा असं धरलं: हॉलचं भाडं आठवड्याला ३६ पौंड, म्हणजे १,४४० पौंड. चहा-फराळ आठवड्याला १५, म्हणजे ६००. व्यायामशिक्षिका २० वेळा, दर वेळी ३५, म्हणजे ७००. विमा १२०. स्वयंसेवकांचा बसप्रवास २४०. एकूण ३,१०० पौंड. पंचवीस जण ४० वेळा म्हणजे हजार हजेऱ्या, दर हजेरीला ३ पौंड १० पेन्स. हा शेवटचा आकडा फॉर्ममध्ये नक्की लिहा. कमिटीत बसलेल्या माणसाला तो एका नजरेत पटतो. हॉलचं कोटेशन जोडा. सगळेच दर ५० किंवा १०० च्या पटीत दिसले की अंदाजपंचे भरलेत असं वाटतं. स्वयंसेवकांचे तास हेही तुमचं योगदान आहे, ते वेगळे दाखवा. आणि काम आधी करून नंतर पैसे मागू नका. झालेल्या खर्चाला ग्रँट सहसा मिळत नाही.

तारखांचंही भान ठेवा. काउन्सिलचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकांआधी काही आठवडे नव्या घोषणा थंडावतात. अर्ज पाठवण्याआधी अधिकाऱ्याला फोन करून ‘हे तुमच्या निधीत बसतं का?’ असं विचारलंत, तर अर्धी मेहनत वाचते.

पैसे आल्यावर

ग्रँट ज्या कामासाठी मिळाली त्याच कामाला वापरायची. व्यायामशिक्षिका सोडून गेली आणि ते पैसे सहलीला वापरावेसे वाटले, तर आधी काउन्सिलला ईमेल करा आणि लेखी होकार घ्या. पावत्या एका फाइलीत, तारखेनुसार. हजेरीची वही दर आठवड्याला. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर मागितलेत तर कशासाठी ते सांगा आणि कुलपात ठेवा.

व्हिसावर राहणारे काही जण यायला बिचकतात. ‘पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत) घेता येणार नाहीत असा शिक्का आपल्या व्हिसावर आहे, मग इथे चहा प्यायला तर काही होईल का, ही त्यांची भीती खरी असते. ‘पब्लिक फंड्स’च्या यादीत ठरावीक सरकारी भत्ते आणि मदती येतात. गटाच्या कार्यक्रमाला बसणं, व्यायाम करणं त्यात येत नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. ग्रँटमधून रोख मदत किंवा व्हाउचर वाटायचे असतील, तर मात्र आधी अधिकाऱ्याशी बोला.

अहवाल देताना काय जमलं नाही तेही लिहा. उदाहरणार्थ, पंचवीस जण येतील म्हटलं होतं आणि हिवाळ्यात चौदाच आले, कारण संध्याकाळी अंधारात बस मिळत नव्हती. म्हणून आम्ही वेळ दुपारची केली. असं वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळतं की इथे कोणीतरी माणसांकडे बघून काम करतंय. काउन्सिलरला एखाद्या बुधवारी बोलवा, भाषणाला नको, चहाला. आजींना जे सांगायचंय ते त्या सांगतील, तुम्ही भाषांतर करा.

एकाच ग्रँटवर सगळं उभं ठेवू नका. काउन्सिलची स्वतःचीच अवस्था अनेक ठिकाणी बिकट आहे. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या काउन्सिलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस (पैसे पुरत नाहीत असं जाहीर करणारी) काढून नवा अनावश्यक खर्च थांबवला होता. येणाऱ्यांकडून ऐच्छिक पौंडभर वर्गणी, स्थानिक दुकानाची मदत, नॅशनल लॉटरीचा निधी, असं दुसरं काहीतरी सोबत असू द्या.

आणि नकार आला, तर कारण विचारा. बऱ्याच काउन्सिल थोडक्यात का होईना, ते सांगतात. बजेटमध्ये खोट होती की गरज पटली नाही, एवढं कळलं तरी पुरे. ते दुरुस्त करून पुढच्या फेरीची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, आणि तोवर कोणाच्या तरी दिवाणखान्यात चार खुर्च्या मांडून बुधवार सुरू करा. पुढच्या अर्जात दाखवायला हजेरीची वही तयार होईल.