कॅम्पर व्हॅनच्या टाकीचं इंडिकेटर चुकीचं दाखवत असेल तर काय करावं

सांडपाण्याची टाकी पूर्ण रिकामी केली, व्हॉल्व्ह बंद केला, आत येऊन पॅनेलचं बटण दाबलं, तर सगळे लाइट लागलेले, म्हणजे टाकी फुल! किंवा याच्या उलट. पॅनेल अर्धी टाकी दाखवतंय आणि बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतंय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी मुक्काम टाकायचा असेल किंवा कुटुंबाला घेऊन तोरणमाळला जायचं असेल, तर टाकीत खरंच किती जागा उरली आहे हे माहीत असायलाच हवं. तिथे टाकी रिकामी करायला सोय मिळेलच असं नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी टाकीचं लिटरमधलं माप पक्कं करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. माप हाताशी असलं की पॅनेल बिघडलं तरी प्रवास अडत नाही.

आधी माप

टाकीची आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करून १००० ने भागा. ६० × ४० × ३० ची टाकी ७२ लिटरची होते आणि तिच्यात दर सेंटिमीटर उंचीला २.४ लिटर पाणी मावतं. टाकीचा आकार वेडावाकडा असेल तर हा हिशोब सोडा. रिकाम्या टाकीत २० लिटरच्या जारने मोजून पाणी ओता आणि कोणता लाइट किती लिटरला लागतो ते लिहून ठेवा. गाडी सपाट जागी उभी हवी. उतारावर पाणी एका बाजूला सरकतं आणि सेन्सर त्याच बाजूला असेल तर अर्धी टाकीही भरलेली दिसते.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरून लावलेली पारदर्शक नळी. तिचं खालचं टोक टाकीच्या तळाच्या जोडाला, वरचं टोक हवेच्या नळीला. टाकीत पाणी जितकं, तितकंच नळीत. मार्करने लिटरच्या खुणा करा आणि नळी उन्हापासून झाका, नाहीतर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत शेवाळ धरतं.

या टाकीतून किती पाणी गेलं हे कळलं की बाकीच्या दोन टाक्यांचा अंदाजही येतो. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वजा करा, उरलेलं सगळं सांडपाण्याच्या नाहीतर संडासाच्या टाकीत गेलेलं असतं.

मग बिघाड कुठे आहे ते शोधा

बऱ्याच गाड्यांत टाकीच्या भिंतीतून आत गेलेले स्टीलचे स्क्रू हेच सेन्सर असतात. एक तळाशी, बाकीचे पाव-अर्धा अशा उंचीवर. पाणी स्क्रूपर्यंत पोचलं की त्यातून थोडीशी वीज वाहते आणि लाइट लागतो. पाणी उतरल्यावरही भिंतीवर ओलसर, तेलकट थर राहिला तर वीज त्या थरातून वाहत राहते, म्हणून रिकामी टाकी भरलेली दिसते.

आपल्या खान्देशात हा थर लवकर धरतो. शेवभाजीची तर्री, भरताचं तेल, ताटं धुतलेलं साबणाचं पाणी हे सगळं सांडपाण्याच्या टाकीत जातं. त्यात बोअरचं जड पाणी, म्हणजे क्षारांचा पांढरा थर वेगळाच. आणि पिण्याच्या टाकीत आरओचं पाणी भरलं असेल तर उलटा प्रकार होऊ शकतो. त्यात क्षार कमी, म्हणून वीज कमी वाहते आणि भरलेली टाकी कमी दिसते.

टाकी रिकामी असताना पॅनेल 'फुल' दाखवतंय ना? मग सगळ्यात वरच्या स्क्रूची वायर काढा. लाइट विझला तर दोष टाकीच्या आत आहे, थर साफ करावा लागेल. विझला नाही तर वायर कुठेतरी चिकटली आहे किंवा पॅनेल गेलंय.

भरलेली टाकी रिकामी दिसत असेल तर तळाच्या आणि वरच्या स्क्रूचे बाहेरचे नट वायरच्या तुकड्याने जोडा. लाइट लागला म्हणजे पॅनेल आणि वायर ठीक. नाही लागला तर फ्यूज, अर्थिंग आणि गंजलेले जोड तपासा. चाकांमागून उडणारी धूळ-पाणी या जोडांवरच बसते.

तुमच्याकडे फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा असेल, तर तो अडकलाय का ते आधी बघा. नवा बसवताना मीटर आणि फ्लोट एकाच मापाचे घ्या. बाजारात १०–१८० ओहमचे आणि २४०–३३ ओहमचे असे दोन्ही प्रकार मिळतात. जोडी चुकली की काटा उलटाच फिरतो.

सफाई

सांडपाण्याच्या टाकीत कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घालून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. वरच्या स्क्रूपर्यंत पाणी पोचलं नाही तर तो साफ होणारच नाही. हीच गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. सकाळी पाव टाकी पाणी काढा, म्हणजे हिसळायला जागा होते, आणि जळगाव-भुसावळ एवढी एक चक्कर मारून ती रिकामी करा. क्षार असतील तर दुसऱ्या फेरीत साबणाऐवजी लिंबूसत्त्व घाला, २० लिटरला साधारण २०० ग्रॅम.

लिंबूसत्त्व असताना ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच अजिबात घालू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवघेणा आहे. संडासाचं ॲसिड वापरू नका, त्याने स्टीलचे स्क्रू खाल्ले जातात.

संडासाच्या टाकीत रिकामी केल्याबरोबर थोडं पाणी घालून ठेवा आणि ती बरीच भरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडू नका. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला मागे साचतो. वेट वाइप्स आत टाकू नका. रिकामी करायची ती सेप्टिक टँकमध्ये, परवानगी घेऊन. तापी, गिरणा किंवा शेताच्या पाटात कधीच नाही, तेच पाणी पुढच्या गावात वापरलं जातं.

तर्रीची ताटं आधी कागदाने पुसून मग धुतली तरी टाकीतला निम्मा त्रास टळतो, असं मला वाटतं.

इतकं करूनही जमलं नाही तर

टाकीच्या बाहेरून चिकटवायचे सेन्सर लावून घ्या. ते पाण्याला शिवत नाहीत, त्यामुळे थराचा त्रास बराच कमी होतो. ते प्लास्टिकच्या टाकीवरच चालतात, लोखंडी किंवा स्टीलच्या नाही, आणि चेसिसचा लोखंडी पट्टा अगदी जवळ असेल तर आकडा चुकतो. ग्राइंडरने पट्टा कापण्यापेक्षा सेन्सरसाठी दुसरी जागा शोधा. चिकटवण्याआधी टाकीची भिंत स्पिरिटने पुसा. लावून झाल्यावर रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींत सेट करा, मग परत जारने पाणी ओतून पॅनेलवरचा प्रत्येक आकडा तुमच्या लिटरशी ताडून घ्या आणि तो तक्ता पॅनेलशेजारीच चिकटवा.