शेवटच्या शब्दापर्यंत थांबायला शिकवा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी मी जर्मन शिकवते. मुलं मराठी आणि गुजराती, बहुतेकांना ए-वन ही जर्मनची सर्वांत पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची असते. शंभरपैकी ६० गुण मिळाले की पास. नव्यानं शिकवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी मी सगळं इंग्रजीतून समजावायचे. ‘इश ह्योरऽ उम फ्युन्फ आउफ’ या वाक्याचा अर्थ मुलांनी लावला, ‘मी पाचला ऐकतो.’ खरा अर्थ, ‘मी पाचला थांबतो.’ ‘ह्योरन’ म्हणजे ऐकणं, पण शेवटी ‘आउफ’ आलं की क्रियापदच पालटतं. मुलं तिथवर थांबतच नव्हती.

वाट सापडली ती संस्कृतच्या अभ्यासात वाचलेल्या शाब्दबोधात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाक्याचा अर्थ कसा कळतो याच्या विचारात. वाक्यार्थ कळायला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची लागलेली ओढ, योग्यता म्हणजे अर्थांचा मेळ बसणं, सन्निधी म्हणजे पदं जवळजवळ असणं. जर्मनमध्ये क्रियापदाचे दोन तुकडे लांब पडतात, सन्निधी सुटते, मग सगळा भार आकांक्षेवर येतो. म्हणून मी फळ्यावर शेवटची जागा रिकामी ठेवते आणि विचारते, ‘अजून काय हवंय?’

आपल्या मुलांना हे परकं नाहीच. मराठीत क्रियापदासाठी आपण वाक्य संपेपर्यंत थांबतोच की! ‘वाइल इश म्यूडऽ बिन’ शब्दाला शब्द लावून पाहा: कारण मी थकलेला आहे. गुजरातीत ‘कारण के हुं थाकेलो छुं’. इंग्रजी मध्ये घातली की हीच मुलं ‘बिन’ आधी आणतात. तेव्हा मातृभाषेतूनच शिकवा, कोणी काही म्हणो.

दुसरी गोष्ट साधारणीकरणाची, म्हणजे नाटकातला प्रसंग एका पात्राचा न राहता पाहणाऱ्या सगळ्यांचा होण्याची. भट्टनायक या जुन्या काव्यशास्त्रकाराचा हा विचार आपल्याला कळतो तो त्याच्यानंतरच्या अभिनवगुप्तामुळे, आणि अभिनवगुप्ताची ‘अभिनवभारती’ ही नाट्यशास्त्रावरची टीका मूळ ग्रंथासह १९२६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत बडोद्यातूनच छापली गेली. मला याचं फार अप्रूप आहे. वर्गात त्याचा उपयोग साधा: जर्मन स्टेशनवरचा संवाद शिकवण्याआधी बडोदा स्टेशनवरचा करून घ्या. प्रसंग संवादातल्या पात्राचा आणि मुलांचा, दोघांचा झाला की शब्द रुजतात.

‘सूर्य मावळला’ हे काव्यशास्त्रातलं जुनं उदाहरण, ऐकणारा बदलला की सूचित अर्थ बदलतो. मी ‘एस इस्ट शोन श्पेट’, म्हणजे ‘उशीर झालाय’, हे वाक्य देते. आई मुलाला म्हणाली तर? पाहुणा यजमानाला म्हणाला तर? तोंडी परीक्षेच्या तिसऱ्या भागात चित्र पाहून विनंती करायची असते. खिडकीचं चित्र आलं की ‘खिडकी बंद करता येईल का?’ हा प्रश्न खरं तर विनंती आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. संज्ञा मात्र फळ्यावर लिहू नका, त्या तुमच्या तयारीसाठी आहेत.