वैयक्तिक ब्लॉगचे परीक्षण कसे करावे : आधी मजकूर, मग रूप

वैयक्तिक ब्लॉगना गुण देण्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच तक्ता फिरत असतो : दहा निकष, प्रत्येकी दहा गुण आणि शेवटी बेरीज. रंगसंगतीला दहा, शीर्षकाला दहा, छायाचित्रांना दहा, आणि ज्यासाठी माणूस ब्लॉग वाचतो त्या लेखनालाही दहाच. असा तक्ता मी ब्लॉग-स्पर्धांचा परीक्षक म्हणून पहिली दोन वर्षे इमाने इतबारे वापरला. त्यातून निघणारा निकाल ठरलेला असतो. चांगले, वाईट आणि उचललेले असे सगळे ब्लॉग साठ ते सत्तर गुणांच्या पट्ट्यात गोळा होतात आणि पहिला क्रमांक कुठल्यातरी अर्ध्या गुणावर ठरतो. तो तक्ता पहिल्यांदा बाजूला ठेवावा.

प्रत्येक ब्लॉगवरचे पाच लेख निवडावेत : सर्वांत नवा, सर्वांत जुना, मधल्या काळातले दोन आणि लेखकाने स्वतः सुचवलेला एक. मुखपृष्ठावर जे दिसते तेवढेच वाचून मत बनवू नये.

आता अवघड टप्पा, आणि याच ठिकाणी माझी सर्वांत जास्त फसगत झालेली आहे. मजकुराचे गुण देताना ब्लॉगचे रूप डोळ्यांसमोर असता कामा नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली एक निरीक्षण मांडले होते : लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे वेगवेगळे गुण देत, तरी एका गुणाबद्दलचे मत बाकीच्या सगळ्या गुणांवर सांडत असे. ब्लॉगच्या बाबतीत हे सांडणे आणखी सहज होते, कारण रूप क्षणात दिसते आणि मजकुराला अर्धा तास लागतो. पांढरीशुभ्र मोकळी जागा, मोठे छायाचित्र आणि नाजूक अक्षर दिसले की सामान्य वाक्यही आपल्याला तरल वाटू लागते. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे दिसली की चांगला लेखही आपण कपाळाला आठ्या घालून वाचतो. ‘मी असा प्रभावित होत नाही’ असे म्हणणाऱ्या परीक्षकावर माझा सर्वांत कमी विश्वास आहे.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. पाचही लेखांचा मजकूर उचलून नोटपॅडसारख्या साध्या फाइलमध्ये चिकटवावा, छायाचित्रे आणि ब्लॉगचे नाव काढून टाकावे आणि सर्व स्पर्धकांच्या फाइलींना क्रमांक द्यावेत. हे काम शक्यतो परीक्षकाने स्वतः करू नये, घरातल्या किंवा मंडळातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. मग त्या फाइली सलग वाचून मजकुराचे गुण शाईने लिहावेत आणि त्यानंतरच पहिल्यांदा ब्लॉग उघडावा. ब्लॉग पाहिल्यावर मजकुराच्या गुणांत बदल करण्याचा मोह होतोच, म्हणून तर शाई.

गुण शंभरात देऊ नयेत, कारण ६७ आणि ६८ यांतला फरक कोणालाही समजावून सांगता येत नाही. मी मजकुरासाठी तीनच गोष्टी पाहतो : अनुभवाचा नेमकेपणा, लेखाची बांधणी आणि भाषा. प्रत्येकीला पाचपैकी गुण देतो आणि नेमकेपणाचे दुप्पट धरतो, म्हणजे मजकुराचे २० होतात. पाचपैकी प्रत्येक अंकाचा अर्थ वाचनाला बसण्याआधी एका वाक्यात लिहून ठेवावा. उदाहरणार्थ, नेमकेपणात ३ म्हणजे ‘लेखक तिथे होता हे पटते, पण त्याने वेगळे काय पाहिले हे कळत नाही’. असे वाक्य लिहिलेले नसले, तर सकाळचा ३ आणि रात्री अकराचा ३ यांत फार फरक पडतो.

नेमकेपणा तपासण्याची माझी एक युक्ती आहे. गडावरच्या भटकंतीचा लेख असला, की त्यातल्या गडाचे नाव मनातल्या मनात बदलून पाहावे. ‘राजगडावरचा तो सूर्योदय केवळ शब्दातीत होता’ या वाक्यात तोरणा घाला, हरिश्चंद्रगड घाला, वाक्याचे काहीच बिघडत नाही. ‘संजीवनी माचीच्या दुसऱ्या बुरुजाशी माझ्या बुटाचा तळ सुटला, तो पिशवीच्या नाडीने बांधून मी उरलेली माची लंगडत पाहिली’ हे वाक्य मात्र दुसऱ्या गडावर नेता येत नाही. पहिल्या प्रकारच्या वाक्यांनी भरलेल्या लेखाला मी नेमकेपणात दोनपेक्षा अधिक देत नाही, मग तो कितीही गोड असो. पाककृती, आजारपण, परदेशातले पहिले वर्ष, बागकाम अशा कुठल्याही विषयाला हीच कसोटी चालते.

उसनवारी तपासायला विसरू नये. लेखातले एखादे लांब, वैशिष्ट्यपूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहावे. ते दुसऱ्याच्या नावावर आधीच्या तारखेला सापडले, तर तो ब्लॉग स्पर्धेतून बाद करावा. गुण कापून तडजोड करू नये.

भाषेच्या गुणांत सर्वांत जास्त अन्याय होतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजून प्रत्येकी अर्धा गुण कापणाऱ्या परीक्षकाला मी नम्रपणे मुद्रितशोधनाचे काम सुचवीन. वैयक्तिक लेखनात मालवणी किंवा वऱ्हाडी बोली आली, तर ती अशुद्ध मराठी म्हणून मोजणे हा अडाणीपणा आहे. वाक्य अडखळते का, तेच विशेषण तीनदा येते का, लेखकाला हवा तो अर्थ वाक्यातून निघतो का, एवढे पाहणे पुरेसे आहे.

याबाबतीत माझ्याकडून एक चूक झालेली आहे. एका स्पर्धेत भटकंतीच्या एका ब्लॉगवर जुन्या लेखांत सगळीकडे ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे छापलेले होते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोल जागा, आणि हा फरक न कळणारा माणूस डोंगरांवर लिहितो याचा मला राग आला. मी भाषेला पाचपैकी १ दिला आणि शेरा तिखट लिहिला. निकालानंतर लेखकाने, ते निवृत्त शिक्षक होते, अत्यंत सभ्य पत्रासोबत आपली मूळ फाइल पाठवली. तीत प्रत्येक ठिकाणी ‘दऱ्या’ असेच होते. पूर्वी अनेक टंकनपद्धतींत हा अर्धा र उमटवण्यासाठी एक अदृश्य जोडचिन्ह वापरले जाई. त्यांनी ब्लॉग एका सेवेवरून दुसरीकडे हलवला तेव्हा ती अदृश्य चिन्हे गळून पडली आणि सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला. निकाल तोवर जाहीर झालेला होता. तेव्हापासून माझा नियम असा आहे : एखादी चूक जुन्या सर्व लेखांत न चुकता येते आणि नव्या लेखांत अजिबात येत नाही, तर ती लेखकाची नसून यंत्राची आहे. तिचा उल्लेख शेऱ्यात करावा, भाषेचे गुण कापू नयेत.

रूपाचे परीक्षण त्यामानाने सोपे आहे. त्याला मी १० गुण ठेवतो, ५ वाचनीयतेला आणि ५ हवा तो जुना लेख सापडण्याच्या सोयीला. ब्लॉग स्वस्त फोनवर, दिवसाउजेडी उघडावा. आपल्याला रंग आवडला की नाही याला शून्य किंमत आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव (कॉन्ट्रास्ट) सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही पान वाचता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावा लागतो, आणि तो मोजून देणारी साधने फुकट मिळतात. राखाडीवर फिकट राखाडी अक्षरे ही आजची फॅशन या मोजमापात पहिल्याच फटक्यात नापास होते.

देवनागरीसाठी मात्र वेगळे डोळे लागतात, कारण ब्लॉगचे बरेचसे तयार साचे (टेम्प्लेट) रोमन अक्षरे समोर ठेवून बनवलेले असतात. दोन ओळींमधले अंतर कमी असले, तर वरच्या ओळीतला ‘कृ’चा ऋकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकतो. ‘पूर्तता’, ‘कृतार्थ’, ‘मैत्री’ असे शब्द असलेला परिच्छेद शोधून तिथे हे पाहावे. काही साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेले असते. रोमनमध्ये ते शोभते, मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द दातपडका दिसतो. याचा एक गुण मी हमखास कापतो. दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हौसेने फोनच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये खिंडारे पडतात, त्याचाही कापतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर मात्र कापत नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले असले, तरी काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच मराठी रूप उमटते. लेखकाला हे सहसा ठाऊक नसते, ते शेऱ्यात सांगावे.

सगळे ब्लॉग झाल्यावर पहिल्या तीन फाइली पुन्हा वाचाव्यात. सुरुवातीला परीक्षक एकतर उदार असतो किंवा खाष्ट, आणि ती वृत्ती विसाव्या फाइलीपर्यंत टिकत नाही. दुसरा परीक्षक असेल, तर दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता द्यावेत. कुठेही दोन अंकांचा फरक आला, तर सरासरी काढू नये, तो लेख समोर घेऊन बसावे. एकाने ५ आणि दुसऱ्याने १ दिलेल्या लेखनाला ३ देणे म्हणजे दोघांचेही मत खोटे ठरवणे होय.

मजकूर २० पैकी आणि रूप १० पैकी, असे दोन आकडे वेगवेगळे जाहीर करावेत, म्हणजे लेखकाला आपले काय दुरुस्त करायचे ते कळते. शेऱ्यात ‘अधिक प्रयत्न हवेत’ असले शाळकरी वाक्य नसावे. कुठल्या लेखातला कितवा परिच्छेद आणि त्यात काय, एवढे तरी हवेच. शेरा जाहीर करण्याआधी दोन दिवस लेखकाकडे पाठवावा आणि वस्तुस्थितीची चूक असेल तेवढीच कळवायला सांगावे. गुणांवर चर्चा होणार नाही, हे त्याच पत्राच्या पहिल्या ओळीत लिहावे, नाहीतर दोन दिवसांचे दोन आठवडे होतात.