सर्व्हरचे लॉग ब्राउझरमध्ये थेट पाहताना

लॉग (सर्व्हरवर काय काय घडले याच्या नोंदी) पाहण्याची गरज ज्यांना वारंवार पडते, त्या टेस्टिंगच्या किंवा सपोर्टच्या सहकाऱ्यांना सर्व्हरचे एसएसएच लॉगिन (दुरून सर्व्हरवर शिरून कमांड चालवण्याची मुभा) देणे बहुतेक वेळा योग्य नसते. लॉग फाइलमध्ये नवी ओळ पडताच ती ब्राउझरच्या पानावर दिसावी, अशी सोय मात्र त्यांना करून देता येते. ओळी पानापर्यंत नेण्याचे काम सोपे आहे. त्या खरोखर त्याच क्षणी पोहोचतात का, आणि नको त्या माणसाला तर दिसत नाहीत ना, हे तपासण्यात अधिक वेळ जातो आणि तो द्यायलाच हवा.

स्वतः काही लिहिण्याआधी तयार साधने पाहावीत. लिनक्सवर सिस्टमडी (सेवा चालवणारी आणि त्यांचे लॉग 'जर्नल'मध्ये ठेवणारी व्यवस्था) असेल, तर डेबियन आणि उबुंटूमध्ये 'सिस्टमडी-जर्नल-रिमोट' हे पॅकेज बसवल्यावर 'जर्नल-गेटवेडी' ही सेवा मिळते. तिचे सॉकेट सुरू केले की ती 19531 या पोर्टवर उपलब्ध होते, आणि पत्त्याच्या शेवटी 'ब्राउझ' लिहिल्यास जर्नल चाळण्याचे साधे पान उघडते. ही सेवा मुळात कोणालाही पासवर्ड विचारत नाही, त्यामुळे तो पोर्ट फायरवॉलवर बंद ठेवून स्वतःपुरता एसएसएच टनेलमधून वापरावा. डॉकरमध्ये चालणाऱ्या कंटेनरांसाठी (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी) डॉझल हे लॉग दाखवणारे साधन सोयीचे आहे. पण ते डॉकरच्या सॉकेटमधून लॉग वाचते आणि ते सॉकेट हाती असणे म्हणजे जवळजवळ रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार हाती असणे, हे लक्षात घेऊन तेही पासवर्डमागेच ठेवावे. अनेक सर्व्हरांचे लॉग एका जागी हवे असतील, तर लॉग साठवणारे लोकी आणि ते दाखवणारे ग्राफाना यांची जोडी बसवण्याचे कष्ट सार्थकी लागतात. एकाच सर्व्हरवरच्या दोन-तीन फाइलींसाठी मात्र स्वतः लिहिलेले छोटे पान पुरते, आणि माझ्या मते ते सांभाळायलाही सोपे जाते.

अशा पानासाठी सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम फाइलच्या शेवटच्या आणि नव्या ओळी दाखवणारी 'टेल' ही कमांड चालवतो आणि तिच्याकडून आलेली प्रत्येक ओळ ब्राउझरकडे पाठवतो. ओळी एकाच दिशेने जात असल्यामुळे दोन्ही दिशांनी चालणाऱ्या वेबसॉकेट जोडणीची गरज नाही. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरने एका उघड्या जोडणीवरून ब्राउझरकडे मजकूर पाठवत राहण्याची पद्धत) पुरेसे आहेत. त्यांत उत्तराचा प्रकार 'टेक्स्ट/इव्हेंट-स्ट्रीम' ठेवायचा, प्रत्येक ओळीआधी 'डेटा' हा शब्द आणि अपूर्णविराम लिहायचा आणि शेवटी एक रिकामी ओळ सोडायची. ब्राउझरमधला 'इव्हेंटसोर्स' जोडणी तुटल्यास आपणहून पुन्हा जोडून घेतो, हा मोठा फायदा आहे. मात्र एचटीटीपी 1.1 वर ब्राउझर एका डोमेनला साधारणपणे एका वेळी 6 जोडण्याच देतो, त्यामुळे सातव्या टॅबमध्ये पान नुसते फिरत राहते. अनेक टॅब उघडले जाणार असतील, तर एचटीटीपी 2 सुरू करावे.

'टेल'ला कोणता पर्याय द्यायचा, याकडे विशेष लक्ष द्यावे. जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणारा लॉगरोटेट सहसा जुन्या फाइलचे नाव बदलतो आणि मूळ नावाची नवी फाइल तयार होते. लहान लिपीतला 'एफ' पर्याय दिलेला असेल, तर 'टेल' नाव बदललेल्या जुन्या फाइललाच धरून बसते. पानावर कोणतीही चूक दिसत नाही, फक्त नव्या ओळी यायच्या थांबतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की सर्व्हरवर सगळे शांत आहे. मोठ्या लिपीतला 'एफ' दिला की 'टेल' नावाचा माग ठेवते आणि नवी फाइल आली की तीच उघडते. येथे नेहमी मोठाच वापरावा.

ओळी एकेक न येता मध्येच थांबून गठ्ठ्याने येऊ लागल्या, तर कुठेतरी बफर (मजकूर तात्पुरता साठवण्याची जागा) भरण्याची वाट पाहिली जात आहे असे समजावे. मध्ये ओळी गाळणारी 'ग्रेप' लावली असेल, तर तिला 'लाइन-बफर्ड' हा पर्याय द्यावा लागतो. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून असेल, तर त्याचे प्रॉक्सी बफरिंग मुळातच चालू असते; ते या पत्त्यापुरते बंद करावे. दोष नक्की कुठे आहे हे शोधण्यासाठी विनंती पाठवणाऱ्या 'कर्ल' कमांडला मोठा 'एन' पर्याय देऊन आधी थेट प्रोग्रामच्या पोर्टला आणि मग प्रॉक्सीच्या पत्त्याला जोडावे, आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगमध्ये एक ओळ पडेल असे काही करावे. पहिल्या ठिकाणी ओळ लगेच आली आणि दुसऱ्या ठिकाणी अडकली, तर प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये हात घालावा. मूळ सर्व्हरकडून 60 सेकंदांत काहीच आले नाही, तर एनजिनएक्स जोडणी तोडतो. त्यामुळे लॉग शांत असतानाही दर 15 सेकंदांनी अपूर्णविरामाने सुरू होणारी एक टिप्पणीची ओळ पाठवत राहावी. ब्राउझर ती दुर्लक्षित करतो.

लॉगमधला मजकूर आपण लिहिलेला नसतो, हे पान तयार करताना कधीही विसरू नये. विनंती पाठवणारा कोणीही आपल्या युजर-एजंटमध्ये (ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या मजकुरात) कोड चालवणारा एचटीएमएल टॅग घालू शकतो. एनजिनएक्स लॉगमध्ये अवतरणचिन्हे बदलून लिहितो, पण कोनी कंस तसेच ठेवतो. ती ओळ 'इनरएचटीएमएल'मधून पानावर टाकली, तर लॉग पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये परक्याचा कोड चालू शकतो. म्हणून ओळ नेहमी टॅगही साधा मजकूर म्हणून दाखवणाऱ्या 'टेक्स्टकंटेंट'मधूनच टाकावी. त्याचप्रमाणे कोणती फाइल दाखवायची हे पत्त्यातून आलेल्या मार्गावर सोडू नये. ठरावीक नावांची यादी प्रोग्राममध्येच ठेवावी. टोकन, ईमेल असा मजकूर सर्व्हरवरच झाकून मग ओळ पाठवावी, कारण ब्राउझरपर्यंत गेलेले काहीही लपलेले राहत नाही. प्रोग्राम रूट म्हणून चालवण्याऐवजी डेबियन-उबुंटूवर त्याच्या युजरला 'एडीएम' गटात घेतले की बहुतेक लॉग वाचता येतात. 'इव्हेंटसोर्स'ला स्वतःचे हेडर जोडता येत नाहीत, त्यामुळे लॉगिन कुकीने किंवा प्रॉक्सीवरच्या पासवर्डने सांभाळावे, आणि दोन्हींसाठी एचटीटीपीएस हवेच.

पानावर शेवटच्या हजारेक ओळीच ठेवून जुन्या काढत राहाव्यात, नाहीतर टॅब हळूहळू जड होतो. वाचणारा वर सरकला, की आपोआप खाली जाणे थांबवावे. नेमकी चुकीची ओळ वाचत असताना ती हातची निसटणे फार त्रासाचे असते. टॅब बंद झाल्यावर त्याच्यासाठी सुरू केलेली 'टेल' प्रक्रियाही बंद होते का, हे चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या 'पीएस'ने पाहावे. शेवटी पान उघडे ठेवून लॉगरोटेट सक्तीने चालवावे, सर्व्हरला एक विनंती पाठवावी, आणि तिची ओळ पानावर आली तरच पत्ता सहकाऱ्यांना द्यावा.