टँकरच्या गैरव्यवहाराची बातमी देताना कायदा कुठवर सोबत करतो

मराठवाड्यातल्या टँकरच्या खोट्या खेपांविषयी लिहू पाहणाऱ्या तालुका वार्ताहराने आधी हे जाणावे की संविधानात वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र कलम नाही. सर्व नागरिकांना अनुच्छेद १९ ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य हाच त्याचा आधार आहे. त्याच अनुच्छेदात बदनामी, न्यायालयाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंधांची मुभा आहे.

प्रत्यक्षात अडचण येते ती बदनामीची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार दोन वर्षांपर्यंत साधा कारावास होऊ शकतो, आणि मजकूर खरा असणे एवढेच पुरेसे नसून तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. म्हणून पंचायत समितीकडून टँकरच्या नोंदवहीच्या प्रती माहिती अधिकारात आधी मागवाव्यात (उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची असल्याने अर्ज उन्हाळ्यापूर्वीच केलेला बरा), कंत्राटदाराला लेखी प्रश्न पाठवून त्याचे उत्तर छापावे आणि ‘चोर’सारखी विशेषणे टाळावीत, आकडे पुरेसे बोलके असतात.

बदनामीची फौजदारी तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते, त्यामुळे पोलीस ठाण्यातून नुसता दम मिळाल्यास लेखी नोटीस मागावी.

हल्ला झाल्यास प्रसारमाध्यमातील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमाचा उल्लेख फिर्यादीत आग्रहाने करावा, कारण त्याखालील तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. खोटी फिर्याद मात्र याच अधिनियमाखाली शिक्षेस पात्र आहे.