धरण फुटल्याचा मेसेज आला? पुढे ढकलायच्या आधी एवढं बघा

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुण्यातल्या सोसायटी ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा व्हिडिओ आणि "धरणाला तडा गेलाय, ताबडतोब घर सोडा" असली कुणाचीतरी ऑडिओ क्लिप. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते डोळ्यांनी बघितलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत, असलं काही ऐकलं की त्यांचे हातपाय गळतात, रात्रभर झोप नाही, आणि ज्याने मेसेज ढकलला त्याला ह्यातलं काहीच दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की "हे खरं का खोटं" ह्यात अडकण्यापेक्षा आधी हे कधीचं आणि कुठलं ते शोधा. माझ्या बघण्यात साफ बनावट व्हिडिओ त्यामानाने कमी येतात, खरेच पण जुने किंवा दुसऱ्याच गावचे जास्त येतात, आणि ते खरे दिसतात म्हणूनच चांगली शिकलेली माणसं पण फसतात.

भिडे पुलाचाच व्हिडिओ घ्या. पूल खालीच आहे, नदीला पाणी वाढलं की तो बुडतो, जवळपास दरवर्षी बुडतो, म्हणजे व्हिडिओ खरा असणारच, प्रश्न वर्षाचा आहे. मग पॉज करून मागे बघा. डेक्कनच्या बाजूला नदीकाठाने मेट्रोचे खांब आहेत, गरवारे कॉलेजपासून पुढची ती मेट्रो १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली, तो काठ पूर्ण दिसतोय आणि खांबाचा पत्ताच नाही म्हणजे व्हिडिओ चांगलाच जुना. ओळखीची जागा नसेल तर दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाड्यांचे नंबर एमएच १२ किंवा १४ आहेत का दुसऱ्याच राज्याचे, लोक काय बोलतायत ते आवाज वाढवून ऐका. तरी नाही कळलं तर व्हिडिओतल्या स्पष्ट फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सला टाका, तोच फोटो आधी कुठे कुठे आलाय ते खाली दिसतं, सगळ्यात जुनी तारीख शोधा. काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ तो खरा आहे असा नाही हां, एवढाच की अजून कळलेलं नाही, आणि तोवर पाठवायचा नाही.

हे एवढं का सांगतेय तर १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या ५ जणांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची माणसं ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा सगळीकडे सुटले होते, आणि त्या काळात देशभर जो मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा व्हिडिओ फिरत होता तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करायला बनवलेला, त्यात शेवटी ते मूल परत आणून देतात आणि बोर्ड दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. बस, एवढंच केलं होतं. म्हणून व्हिडिओ मध्येच तुटल्यासारखा वाटला तर पूर्ण कुठे मिळतो का बघा.

नुसता मजकूर असेल तर "आज रात्री", "उद्या सकाळी" असे शब्द शोधा. कुठला आज? तारीख नाही म्हणजे तो मेसेज गेली कित्येक वर्षं "आज रात्री" म्हणतच फिरत असू शकतो. धरणाच्या खऱ्या सूचनेत कुठल्या धरणातून, किती वाजल्यापासून, किती क्युसेक पाणी सोडणार ते लिहिलेलं असतं, आणि पाणी सोडणं म्हणजे धरण फुटणं नाही, हे घरच्या मोठ्यांना शांतपणे सांगा. शाळेला सुट्टीचं पत्र असेल तर जावक क्रमांक आणि तारीख झूम करून बघा, जुन्या पत्रावर नवी तारीख चिकटवली असेल तर तेवढेच आकडे वेगळ्या टाइपात असतात. ऑडिओचं सोपं आहे, बोलणारा नाव, हुद्दा सांगत नसेल तर सोडून द्या, आणि सांगत असेल तरी त्या ऑफिसच्या अधिकृत पेजवर बघा, आता आवाज पण नकली करता येतो.

हरवलेल्या मुलाचा फोटो आला तर पोलीस स्टेशनचं नाव आणि तारीख बघा. पुष्कळदा मूल केव्हाच घरी आलेलं असतं आणि फोटो फिरतच राहतो.

पण अफवा असेल म्हणून सगळंच झटकून टाकू नका. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं, वेळेत सूचना मिळाली नाही असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. नदीकाठी राहत असाल तर महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि पुणे पोलिसांची अधिकृत खाती आत्ताच फॉलो करून ठेवा, पाणी वाढत असताना शोधत बसू नका. डोळ्यासमोर पाणी चढतंय तर मेसेज तपासायचा नाही, ११२ ला फोन लावायचा आणि वर जायचं. केंद्र सरकारच्या योजनांच्या वगैरे मेसेजसाठी त्यांचंच पीआयबी फॅक्ट चेक आहे, मराठीत वाचायचं तर फॅक्ट क्रेसेंडो ह्या अफवा तपासणाऱ्या साइटचं मराठी पान आहे.

आता अवघड भाग, काकांनीच टाकलं असेल तर. ग्रुपवर सगळ्यांसमोर "फेक आहे" म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, उलट हट्टाला पेटतील. वेगळा मेसेज करा, "काका, तुम्ही काळजीने टाकलंत ते कळतंय, पण हा व्हिडिओ जुना आहे, ही बघा तेव्हाची बातमी, काढून टाकता का? आजी घाबरल्यात." बहुतेक जण काढतात. त्यांना जमत नसेल किंवा फोन उचलत नसतील तर ॲडमिनला सांगा, व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. आणि नुसता डिलीट करून थांबू नका, ज्यांनी आधीच वाचलाय त्यांच्यासाठी त्याच ग्रुपवर दोन ओळी टाका, मघाचा व्हिडिओ अमुक वर्षाचा होता, धरण ठीक आहे, आजचा विसर्ग एवढा एवढा.