हळदीचा अर्क आणि आक्कांची तत्ती

हळदीच्या अर्काने नव्या रक्तवाहिन्या अडतात का, हे मी कोंबडीच्या अंड्यात बघते. त्यात माझी पहिली बारा अंडी फुकट गेली, कारण ती दुकानातली होती. पोल्ट्रीच्या अंड्याला कोंबड्याचा वारा लागलेला नसतो. पाच दिवस इन्क्युबेटरात ठेवूनही आत पिवळं ते पिवळंच. रक्तवाहिन्या बघायच्या, तर पिल्लू धरणारं अंडं हवं. बेळगावात शनिवारच्या बाजारात खानापूरकडच्या एक आक्का 'तत्ती, तत्ती' (कानडीत अंडी) करत गावठी अंडी विकतात. खुराड्यात कोंबडा आहे का, तेवढं विचारून घ्या.

अर्क आधी करून ठेवा. काढा नको, हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरक्युमिन, पाण्यात विरघळत नाही. अख्खी हळकुंडं दळून आणा, विकतच्या पुडीत रंग निघतो. 50 ग्रॅम पूड 500 मिली इथेनॉलमध्ये दोन दिवस भिजवा, मधूनमधून हलवा, गाळा आणि वॉटर बाथवर मंद आटवा. गॅसची शेगडी जवळपाससुद्धा नको. काकवीसारखं नारिंगी काहीतरी उरतं. ते तपकिरी बाटलीत, उजेडापासून लांब.

अंडी 37.5 अंशांवर ठेवा, इन्क्युबेटरात पाण्याची वाटी विसरू नका. तिसऱ्या दिवशी निमुळत्या टोकाला भोक पाडून सुईने 2-3 मिली पांढरं काढा, म्हणजे आतला पडदा कवचापासून सुटून खाली बसतो. मग वर छोटी खिडकी कापा, सेलोटेप लावा. यापुढे अंडं फिरवायचं नाही. आठव्या दिवशी फिल्टर पेपरच्या टिकलीवर अर्काचा थेंब पूर्ण वाळवून ती रक्तवाहिन्यांचं जाळं असलेल्या पडद्यावर ठेवा. दुसऱ्या अंड्यात नुसतं इथेनॉल वाळवलेली टिकली. 48 तासांनी दोन्हींकडच्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या मोजा.

खरी गोम इथंच आहे. एकदा टिकलीभोवती एकही वाहिनी दिसेना, मी नाचत सरांकडे गेले. त्यांनी टॉर्च मारून एवढंच विचारलं, "काळीज हलतंय काय गं?" हलत नव्हतं. डोस जास्त होऊन पिल्लूच मेलं होतं. मेल्या जिवात वाहिन्या वाढणार कुठून! तेव्हापासून मी आधी ठोका बघते, मग मोजते. डोसही एकच नको, तीन-चार पायऱ्यांनी घ्या.

कॅन्सरच्या गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. ते ऐकल्यापासून माझी चुलती विचारते, "मग गाठीवर हळदच खाऊ काय?" काकी, टिकली मी थेट पडद्यावर ठेवते, गिळलेलं कुरक्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. डॉक्टरांची गोळी सोडायची नाही. ऑपरेशनची जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात, तेव्हा कसल्याही अर्काच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय नकोत.

मोजून झालं की अंडी लगेच फ्रीजरात. आक्कांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या तत्तीचं पुढं काय होतं ते.